जेफरसनच्या जमीनजुमल्याची पत्रं

अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा लिहिणारा थॉमस जेफरसन आपल्याला शाळेपासून माहीत असतो. त्याची मळ्यांच्या कारभाराची पत्रं मात्र क्वचितच कुणी उघडतं. मला विचाराल तर हा माणूस ओळखायला आधी तीच वाचावीत. ऑनलाइन फुकट मिळतात.

१७७३ साली त्याचा सासरा जॉन वेल्स वारला. हजारो एकर जमीन, १३५ गुलाम आणि ब्रिटिश सावकारांचं कर्ज, सगळं जावयाच्या पदरात पडलं. त्याने जमिनी विकल्या, पण स्वातंत्र्ययुद्धात कागदी चलन मातीमोल झालं आणि कर्ज तसंच राहिलं. त्या गुलामांत सासऱ्याचीच मुलं होती, म्हणजे बायकोची सावत्र भावंडं!

पॉप्लर फॉरेस्ट हा त्याच वारशातला मळा. जानेवारी १८१९ मध्ये जेफरसन तिथल्या कारभाऱ्याला, जोएल यान्सीला लिहितो, की चार वर्षांत गुलामांची पाच लहान मुलं दगावली. मुकादम बायांना पोरांकडे बघायला पुरेसा वेळ देत नसावेत. वाटतं, कळवळा आला असेल. पुढचंच वाक्य हिशेबाचं आहे. बाईच्या कामाचं महत्त्व नाही, दर दोन वर्षांनी वाढवलेलं एक मूल चांगल्यात चांगल्या गड्याच्या पिकापेक्षा जास्त फायदा देतं. पुढच्या वर्षी जावयाला लिहिलेल्या पत्रातही तेच: बाईला होणारं मूल म्हणजे भांडवलात भर. मला यापुढे बराच वेळ वाचवेना.

४ जुलै १८२६ ला तो गेला तेव्हा डोक्यावर लाखावर डॉलरचं कर्ज होतं. जानेवारी १८२७ मध्ये मॉन्टिसेलो या त्याच्या राहत्या मळ्यावर १३० माणसं लिलावात काढली. लोहार जोसेफ फॉसेटला मृत्युपत्राने मुक्त केलं होतं, पण त्याची बायको ईडिथ आणि मुलं लिलावात उभी राहिली. त्यांतला पीटर ११ वर्षांचा होता.

यावर 'तो काळच तसा होता' असं सांगणारे हमखास भेटतात. मला ते अजिबात पटत नाही. त्याच्याच परगण्यातल्या एडवर्ड कोल्स या तरुणाने १८१४ मध्ये त्याला पत्र लिहून गुलामगिरी संपवण्यासाठी पुढाकार घ्या म्हणून विनवलं होतं. जेफरसनने वयाचं कारण दिलं, हे काम तरुणांचं म्हणाला. कोल्स १८१९ मध्ये आपल्या गुलामांना घेऊन इलिनॉयला निघाला, त्यांना मुक्त केलं आणि दर कुटुंबाला १६० एकर जमीन दिली. त्या दोघांची पत्रंही ऑनलाइन आहेत, तीही जरूर वाचा.