क्रम कुणी लावला, एवढंच विचारलं होतं

परवा कॉलेजच्या ग्रुपवर गगनयानचा विषय निघाला. मी फक्त एवढंच लिहिलं की माणसाला अंतराळात नेणारं गगनयान आता अंतराळ स्थानकाच्या पहिल्या मॉड्यूलसकट 20,193 कोटींवर गेलंय, चांद्रयान-4 ला 2,104 कोटी, शुक्राच्या मोहिमेला 1,236, सगळं सप्टेंबर 2024 मध्ये एकाच दिवशी मंजूर झालं, तर आधी काय आणि नंतर काय, हा क्रम कुणी लावला आणि कशावरून? लगेच एकाचं उत्तर आलं, "तिकडे बसून शहाणपणा शिकवू नकोस, इस्रोने ठरवलंय ना." खाली अंगठ्यांची रांग.

इथे अमेरिकेत दर दहा वर्षांनी डिकेडल सर्व्हे होतो, म्हणजे पुढच्या दशकात कुठल्या मोहिमा आधी करायच्या ते शास्त्रज्ञच ठरवतात; लोक व्हाइट पेपर, म्हणजे आपापली बाजू मांडणारे लेख, लिहितात, भांड भांड भांडतात आणि शेवटी यादी छापून येते, कारणांसकट. 2022 च्या यादीत नव्या मोठ्या मिशनांमध्ये युरेनस पहिला आणि शनीचा चंद्र एन्सेलॅडस दुसरा. युरेनसजवळून आजवर एकच यान गेलंय, व्हॉयेजर 2, तेही 1986 मध्ये, म्हणजे कारण समजतं, पटलं नाही तर त्यावर वाद घालता येतो. आपल्याकडेही खगोलशास्त्रज्ञांनी 2035 पर्यंतचा आराखडा केलाय, पण मंजुरीच्या बातमीत त्यातलं काय मागे पडलं आणि का, हे कधी वाचलंय कुणी? अ‍ॅस्ट्रोसॅट ही आपली अंतराळ दुर्बीण 2015 मध्ये गेली, तिच्या तोडीची पुढची दुर्बीण अजून वर गेलेली नाही. आयआयटी मुंबईचं 'दक्ष', गॅमा किरणांचे स्फोट टिपणारे दोन उपग्रह, कितीतरी वर्षं मी प्रस्ताव म्हणूनच ऐकतेय.

मग ग्रुपवर मंगळयान आलंच, 450 कोटीत मंगळ गाठला वगैरे. अरे, अभिमान मलाही आहे! पण त्यावरची पाचही उपकरणं मिळून जेमतेम 15 किलोची होती, थोडंच नेलं हेही स्वस्त पडण्याचं एक कारण आहे. आणि स्वस्तात झालं म्हणून आधी काय करायचं हा प्रश्न सुटत नाही ना.

खरं सांगायचं तर यादी असून इथेही सगळं आलबेल नाही. यादीत सगळ्यात वर आधीच सुरू असलेलं मार्स सॅम्पल रिटर्न होतं, मंगळावरचे नमुने पृथ्वीवर आणायचं मिशन, एप्रिल 2024 मध्ये नासानेच सांगितलं की 11 अब्ज डॉलर लागतील आणि नमुने यायला 2040 उजाडेल. माझ्या शेजाऱ्याची नोकरी त्याच मिशनपायी गेली. मला त्याच्यासाठी वाईट वाटलं, खूप वाटलं, पण इथल्या काँग्रेसची, म्हणजे संसदेची, हिअरिंग बघताना माझ्या पोटात कधी गोळा येत नाही. चांद्रयान-3 उतरलं तेव्हा इथे पहाटेचे साडेपाच वाजले होते, सोफ्यावर एकटी बसून मी इतकी रडले की नवरा उठून बाहेर आला. पासपोर्ट बदलून तेव्हा दोन वर्षं झाली होती. म्हणून तो "तिकडे" शब्द लागला, आकड्यांवर कुणी काही बोललं असतं तर एवढं लागलं नसतं.

आज सकाळी तोच प्रश्न ग्रुपवर परत टाकलाय, आकड्यांसकट.