पोत्यातला युरिया आणि काकीच्या टाचा

आज कुडाळला गेलो तर लावणी उरकून काकी पडवीत पाय पसरून बसलेली. टाचांच्या भेगांत पांढरे दाणे. मला मीठ वाटलं. युरिया निघाला! "ट्यूब कित्याक होयी? घरात पोतां आसा मा!" असं म्हणून तिने मोबाइल पुढे केला.

वाडीभर फिरलेला तो मेसेज असा: भेगांच्या क्रीममधला युरिया म्हणजे शेतातलाच. दोन चमचे खोबरेल तेलात घालून भेगांत चोळा. थंड वाटेल, म्हणजे अंगातली उष्णता निघाली. खताच्या दाण्यांवर कडुनिंबाचा लेप असतो, म्हणजे दुप्पट औषध. आणि ग्लिसरीन लावू नका, ते कातडीतलं पाणी ओढतं.

पदार्थ तोच, हे कबूल. युरिया आपल्या त्वचेतही असतो आणि ओल धरून ठेवतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतसुद्धा तो आहे. पण कसा? ५ किंवा १० टक्क्यांचं मलम म्हणून. म्हणजे १०० ग्रॅममध्ये फार तर १० ग्रॅम, तोही औषधाच्या दर्जाचा आणि पूर्ण विरघळलेला. तेलात युरिया विरघळतच नाही. वाटीत तळाशी दाणे तसेच राहतात, आणि तेच काकी उघड्या चिरांत घासत होती. त्यात तिला साखर, पाय बधिर. झोंबलं, चिघळलं तरी तिला कळलं असतं का? खताच्या पोत्यात बाययुरेटही असतं, म्हणजे युरिया बनवताना तयार होणारी भेसळ; ती पिकाला किती चालेल एवढंच बघितलेलं असतं. आणि २०१५ पासून सक्तीचा झालेला तो कडुनिंबाचा लेप नत्र जमिनीत सावकाश सुटावं म्हणून आहे, टाचांसाठी नव्हे.

थंडावा? युरिया पाण्यात विरघळताना भोवतालची उष्णता घेतो. पेल्यात टाकला तर पेलाही गार लागतो. मग पेल्याच्या अंगातली उष्णता निघाली म्हणायची?

ग्लिसरीनचं अर्धं खरं आहे. कोरड्या हवेत नुसतंच चोपडलं तर ते खालच्या थरातलं पाणी ओढू शकतं. पण जुलैत, डब्यातला पापड सादळतो तिथे, हे कोणाला सांगता? पाणी मिसळून लावा, वर तेलाचा हात फिरवा.

काकीचे पाय कोमट पाण्याने धुतले, दाणे काढले. एका भेगेतून रक्त येत होतं, म्हणून ट्यूबसुद्धा लावली नाही. सकाळी आधी डॉक्टरांकडे नेणार आहे.