सर, पट्टा गळ्यात होता हे खरं

नमस्कार सर,

तुमची प्रतिक्रिया वाचून आधी एक उत्तर रागात लिहिलं होतं, ते पुसून टाकलं. हे दुसरं.

ज्यांनी मागचा लेख वाचला नाही त्यांच्यासाठी सांगते. छत्रपती संभाजीनगरला एका संगीत महोत्सवात मी गळ्यात ओळखपत्राचा पट्टा घालून तीन संध्याकाळी स्वयंसेवक होते आणि दिवसा एकटी फिरले. लेखाला ‘स्वरांची सेवा’ असं नाव दिलं होतं. त्यावर परभणीच्या या निवृत्त शिक्षकांनी लिहिलं: “फुकट गाणं ऐकायला मिळावं म्हणून गळ्यात पट्टा घातला, त्याला सेवा म्हणू नका. सेवा आमच्या गावच्या सप्ताहात होते, सात दिवस पंगती वाढतात, कुणी फोटो टाकत नाही. वर ज्या कामाचे कुणाला पैसे मिळाले असते ते तुम्ही फुकटात केलं. आणि एकट्या मुलीनं परगावी मध्यरात्रीपर्यंत मंडपात थांबायचं, यात कौतुक कसलं? एकदा सप्ताहात येऊन वाढून बघा.”

मध्यरात्रीचं आधी उरकते. उघड्यावरचा लाऊडस्पीकर रात्री दहाला बंद करावा लागतो, 2000 सालचा नियमच आहे. वर्षातले मोजके 15 दिवस सरकार बारापर्यंत सूट देऊ शकतं, पण आमच्या महोत्सवाला ती नव्हती. रात्रभर चालणाऱ्या मैफली तुमच्या पिढीनं ऐकल्या, आमच्या वाट्याला मालकंस, म्हणजे खरं तर मध्यरात्रीचा राग, दहाच्या आत आटपलेला आला. त्यातही पाऊण तास शाल-श्रीफळात गेला. दीपप्रज्वलन, मग पाहुण्यांचा परिचय, मग परिचय करून देणाऱ्यांचा सत्कार. गायिका आत तानपुरे लावून बसलेल्या, बाहेर माइकवर आभार चाललेले. पावणेदहाला त्यांनी द्रुत, म्हणजे जलद लयीतली बंदिश, घेतली आणि दहाला पाच कमी असताना भैरवी. मी दारात उभी राहून घड्याळ बघत होते, साडेदहाला रिक्षात बसले होते.

एकटीनं जाण्याबद्दल मात्र तुमचं म्हणणं मला मान्य नाही. अंबाजोगाईहून एसटीनं निघाले, बायकांना अर्धं तिकीट आहे 2023 पासून, गेवराईला चहा घेतला. अडचण मंडपात आलीच नाही. ती आली एका लॉजच्या काउंटरवर. “सोबत कोण आहे?” मी म्हटलं, कुणी नाही. त्यांनी रजिस्टर मिटलं. आधारकार्ड दाखवलं, महोत्सवाचं पत्र दाखवलं, तरी “एकट्या लेडीजला देत नाही” यापुढे गाडी सरकेना. शेवटी महोत्सवातल्याच एका संगीत शिकणाऱ्या मुलीनं तिच्या खोलीत जागा दिली. म्हणजे ज्या मंडपाची तुम्हाला काळजी वाटते, राहण्याची सोय त्यानंच केली. घरून निघताना आईनंही तुमचाच प्रश्न विचारला होता, पण तिनं सोबत डब्यात धपाटे दिले.

(मंगळवारी मी वेरूळला जाऊन पोचले. मंगळवारी लेणी बंद असतात, हे बीड जिल्ह्यात वाढलेल्या मुलीला माहीत असायला हवं होतं. घृष्णेश्वराचं दर्शन घेऊन, भद्रा मारुतीला जाऊन परत आले. सोबत कुणी असतं तर दिवसभर बोलणी खाल्ली असती, हाही एकटीच्या प्रवासाचा एक फायदा.)

आता सेवेचं. इथे तुमचं बरोबर आहे. मी हिशोब मांडून बघितला. तीन दिवसांचं तिकीट बाराशेचं. माझं काम रोज पाच तास, एकूण पंधरा. तासाला ऐंशी रुपये झाले. त्यात ऐकलं किती? दारावर पास तपासणाऱ्याची पाठ स्टेजकडे असते. भारतीय बैठकीतली आजोबांची गर्दी एकीकडे, पुढच्या सोफ्यांवर उशिरा येणारे मान्यवर दुसरीकडे, आणि संथ लयीतला विलंबित ख्याल सगळा पाठीनं ऐकायचा. पाचशे रुपये अनामत घेतली होती, ती परत मिळायला तीन फोन करावे लागले. प्रमाणपत्रावर माझं आडनाव चुकलंय. हा सौदा होता, आणि फार चांगला सौदाही नव्हता. मी त्याला सेवा म्हटलं, कारण सौदा म्हटलं की तो कसा झाला हे बघावं लागतं.

पण जे मी लेखात लिहिलंच नाही, ते तुमच्या एका वाक्यानं नेमकं वर काढलं. तिसऱ्या रात्री कार्यक्रम संपल्यावर आम्हा स्वयंसेवकांना खुर्च्या उचलायला सांगितलं. हे काम ठरलेलं नव्हतं. तरी आम्ही हसत लागलो, चारचार खुर्च्या एकात एक घालून, कुणीतरी रील काढत होतं. मंडपवाल्यांकडचा एक मुलगा, विशीचा असेल, माझ्याजवळ आला आणि म्हणाला, “ताई, तुम्ही कशाला उचलायलाव? मालक उद्या आणखी एक माणूस कमी करील.” पहिल्या दिवशी ते सहाजण होते, त्या रात्री चार. मी हातातल्या खुर्च्या खाली ठेवल्या. बाकीच्यांना मात्र काही बोलले नाही, आणि लेखातही तो मुलगा आला नाही. रीलमधल्या खुर्च्या आल्या.

त्यामुळे पुढच्या वेळी अर्ज भरताना काम कोणतं, तास किती, हे आधी लिहून मागणार आहे. दारावर उभं राहणं, कलाकारांना स्टेशनवरून आणणं, गरम पाण्याचा थर्मास भरून ठेवणं, एवढं करीन. खुर्च्यांना हात लावणार नाही. लेखाचं नावही बदलते आहे.

सप्ताहाबद्दल तुम्ही लिहिलंत ते मी तुमच्याइतकंच मानते. आमच्या तालुक्यातल्या आपेगावचे शंकरबापू आपेगावकर (ज्ञानेश्वरांचं पैठणजवळचं आपेगाव वेगळं) वारकरी पखवाज वाजवत शास्त्रीय मैफलीत गेले, पद्मश्री झाले. तेव्हा मंडप दोन असले तरी आमच्याकडे पखवाज एकच आहे. फरक तिकिटाचा. सप्ताहाला तिकीट नसतं, सरपंचही पत्रावळी उचलतो, त्यामुळे कुणाचा रोजगार बुडत नाही. बाराशेचं तिकीट लावलं की ते गणित मोडतं.

तुमचं आमंत्रण घेते. पण एक विचारते. आमच्या गावच्या सप्ताहात बायकांना पहाटे चारपासून पोळ्या लाटायला बोलावतात, पंगतीत वाढायला नाही. वाढपी सगळे बापे. काल्याच्या दिवशीसुद्धा बायकांची पंगत शेवटी. तुमच्याकडे वेगळं असेल तर काल्याच्या आदल्या दिवशी येते, सकाळची परभणी गाडी मिळते मला. बुंदीची बादली माझ्यासाठी ठेवा.