घुमटाचा ठोका आणि झीरो क्रॉसिंग : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

घुमट आरतीचे, म्हणजे घुमट या मातीच्या, कातडे चढवलेल्या गोव्याच्या तालवाद्याच्या साथीने गायल्या जाणाऱ्या आरतीचे, ध्वनिमुद्रण संपादित करताना ते झीरो क्रॉसिंगवर, म्हणजे तरंग शून्यरेषा ओलांडतो त्या क्षणी कापावे, हे माझे मत आपण कालबाह्य ठरवले आहे. आजची सॉफ्टवेअर जोडावर आपोआप क्रॉसफेड (एक आवाज उतरवत दुसरा चढवणे) देतात आणि स्टिरिओत डावा-उजवा असे दोन्ही चॅनल एकाच वेळी शून्यावर येत नाहीत, ही आपली कारणे. दुसरे मला मान्य आहे; पहिले नाही.

जोडाशी लागोपाठच्या दोन सॅम्पलांच्या (ध्वनीच्या क्षणोक्षणीच्या मोजमापांच्या) मूल्यांत मोठी तफावत पडली की त्या उडीची ऊर्जा वरच्या फ्रिक्वेन्सींपर्यंत पसरते आणि ‘टक्’ असा आवाज येतो. शून्यावर कापल्यास ही उडी टळते. मात्र वर जाणारा तरंग वर जाणाऱ्यालाच जोडावा लागतो, नाहीतर तिथे कोन पडतो आणि खर्जाच्या लांब स्वरात तो जाणवू शकतो.

गायन किंवा हार्मोनियम यांसारख्या टिकून राहणाऱ्या स्वरांना क्रॉसफेड उत्तमच. घुमटाचे तसे नाही. त्याच्या ठोक्याची ओळख सुरुवातीच्या काही मिलिसेकंदांतच असते. १० मिलिसेकंदांचा क्रॉसफेड, म्हणजे सेकंदाला ४४,१०० सॅम्पल असलेल्या ध्वनिमुद्रणात ४४१ सॅम्पल, त्या सुरुवातीवर पडला, तर नवा ठोका हळूहळू चढतो, त्यात मागच्या ठोक्याची आस (रेंगाळणारा नाद) मिसळते आणि थाप बोथट होते. याउलट १०० हर्ट्झचा साधा तरंगसुद्धा दर ५ मिलिसेकंदांनी शून्य ओलांडतो, त्यामुळे कापण्याची जागा फार तर अडीच मिलिसेकंद, आणि चढ-उताराची दिशाही जुळवायची तर फार तर पाच मिलिसेकंद सरकते आणि लयीला धक्का लागत नाही.

हा आग्रह मी धरतो, कारण २०१९ साली गोव्याचे वारसा वाद्य म्हणून घोषित झालेल्या घुमटावर पूर्वी घोरपडीचे कातडे असे आणि वन्यजीव कायद्यामुळे आता बकऱ्याचे कातडे चढवले जाते. तो जुना नाद आज जुन्या ध्वनिमुद्रणांतच उरला आहे, आणि त्याची थाप संपादनात झिजू देणे मला पटत नाही.

स्टिरिओत मी ठोक्याच्या किंचित आधीची, दोन्ही चॅनल शून्याच्या जवळ असलेली जागा निवडतो आणि तिथे एखाद्या मिलिसेकंदाचा फेड देतो, जो ठोका सुरू होण्यापूर्वीच संपतो. त्याआधी डीसी ऑफसेट, म्हणजे तरंगाच्या मध्यरेषेचे शून्यापासून सरकणे, काढून टाकणे आवश्यक आहे. जुन्या टेपवरून घेतलेल्या प्रतीत तरंगाची मध्यरेषाच सरकलेली असेल, तर सॉफ्टवेअरने दाखवलेले शून्य हे शांततेचे शून्य नसते.