टेक्निकल इंग्रजी म्हणजे फाडफाड बोलणं नव्हे

कॅम्पस प्लेसमेंट जवळ आलं की इंजिनिअरिंग कॉलेजांत स्पोकन इंग्लिशचे क्लास लागतात, इंट्रोडक्शन कसं द्यायचं, ग्रुप डिस्कशनमध्ये कसं घुसायचं वगैरे. आणि ज्या इंग्रजीवर पुढे जन्मभर पोट भरायचंय, म्हणजे रिपोर्ट, ड्रॉइंगवरची नोट, कस्टमरला मेल, ते कोणी शिकवतच नाही.

मी कंपनीत क्वालिटी डिपार्टमेंटला आहे, दिवसभर हेच वाचतो. मध्ये एका नवीन पोराचा एट-डी रिपोर्ट (काय बिघडलं, का आणि उपाय काय, हे लिहायचा ठरावीक रिपोर्ट) आला, त्यात वाक्य काय तर "ऑपरेटर रिमूव्ह्ड द पार्ट फ्रॉम द फिक्श्चर अँड इट वॉज डॅमेज्ड." आता डॅमेज काय झालं बाबा, पार्ट की फिक्श्चर, म्हणजे काम करताना पार्ट घट्ट धरून ठेवणारी पकड? पार्ट असेल तर एक पीस स्क्रॅप, विषय संपला. पण फिक्श्चर असेल तर त्याच्यावर लागलेला सगळा माल संशयात, तो वेगळा काढा, कस्टमरकडे गेलेला शोधा, १०० टक्के इन्स्पेक्शन लावा, म्हणजे दोन शिफ्टची वाट. पोरगं बोलायला एकदम फर्डं बरं का.

"ऑल बोल्ट्स आर नॉट टाइटन्ड" हे तर आपलं राष्ट्रीय वाक्य. एकही टाइट नाही की काही राहिलेत? विचारलं की म्हणतात, सर समजून घ्या ना. अरे मी घेईन, मी शेजारच्या टेबलावर बसतो, जर्मनीतला कस्टमर कसा घेणार?

उलट आमच्याकडे एक डिप्लोमावाले आहेत, दहावीपर्यंत मराठी मीडियम, मीटिंगमध्ये इंग्रजीत बोलायचं म्हटलं की घाम फुटतो. पण रिपोर्ट बघा त्यांचे. छोटी वाक्यं, काय तुटलं, कुठे, कुठल्या गेजनं मोजलं, बास. कस्टमरचा उलट प्रश्न येत नाही.

हे माझं एकट्याचं खूळ नाही. विमानांच्या मेंटेनन्स मॅन्युअलसाठी अख्खं वेगळं इंग्रजी ठरवलेलं आहे, सिम्प्लिफाइड टेक्निकल इंग्लिश, एएसडी-एसटीई१००. १९८० च्या दशकात युरोपातल्या विमान उद्योगानं ते बनवलं, कारण मॅन्युअल वाचणाऱ्या कित्येक मेकॅनिकांची भाषा इंग्रजी नव्हतीच. सूचनेच्या वाक्यात जास्तीत जास्त २० शब्द, शक्यतो एका वाक्यात एकच काम, ठरवून दिलेलेच शब्द. भारी इंग्रजी झाडायला तिथे वावच नाही.

आणि हो, शॉप फ्लोअरवरची वर्क इन्स्ट्रक्शन मराठीतच पाहिजे, याबद्दल माझं दुमत नाही. पण तिथेही "बोल्ट व्यवस्थित टाइट करावा" असलं लिहून ठेवतात. व्यवस्थित म्हणजे किती? २५ न्यूटन मीटर तर २५ लिहा ना.

आता कोणीतरी कमेंटमध्ये येईलच की चॅटजीपीटी आहे की. आहे ना. वाक्य मस्त गुळगुळीत करून देतो, पण मोडलं काय हे त्याला कुठून ठाऊक, तो आपला काहीतरी एक ठोकून देतो आणि साहेब सही करून मोकळे.

म्हणून मी हल्ली इंटरव्ह्यूला आलेल्याच्या हातात एक तुटका पार्ट देतो आणि सांगतो, काय झालंय ते पाच ओळींत लिही. बरेचसे "रिस्पेक्टेड सर" पासून सुरुवात करतात.