इंजिन बसेल हो, पण आधी फ्लायव्हील बघा

१९६७ च्या फोर्ड मस्टँगमधलं दमलेलं २८९ (२८९ घन इंचांचं व्ही-८ इंजिन) काढून १९८७-९३ च्या मस्टँगचं ५.० रोलर इंजिन (पाच लिटरचं; व्हॉल्व्ह उघडणारा कॅम रोलरवर चालतो) टाका, हा इंजिन बदलण्यावरच्या लेखातला सल्ला पटला. पण ‘सरळ बसतं’ एवढंच म्हणून सोडून दिलंय, आणि लोक फसतात ते तिथेच.

२८९ चा बॅलन्स, म्हणजे फिरणाऱ्या क्रँकशाफ्टला बाहेरून दिलेला तोल, २८ औंसांचा, १९८२ पासूनच्या ५.० चा ५० औंसांचा. जुनं फ्लायव्हील (क्रँकच्या मागच्या टोकाचं जड चाक) लावलंत तर रेव्ह वाढताच गाडी थरथरते आणि शेवटी बेअरिंग जातात. फ्लायव्हील आणि पुढचा बॅलन्सर, दोन्ही ५० चेच हवेत. जुनी क्रँक पुली तीन बोल्टची, हा बॅलन्सर चार बोल्टचा. म्हणजे पुलीचा खर्चही आलाच.

नव्या ऑइल पॅनचा मोठा खोलगट भाग मागे असतो, तो स्टिअरिंगच्या लिंकला अडतो. जुनं पॅन पिकअपसकट (तेल ओढणाऱ्या नळीसकट) घ्या. व्ही-बेल्ट ठेवणार असाल तर वॉटर पंप आणि टायमिंग कव्हरही जुन्या पद्धतीचं. नव्या इंजिनाच्या सर्पेंटाइन बेल्टचा (एकच लांब, चपटा पट्टा) पंप उलटा फिरतो, तो व्ही-बेल्टवर लावलात तर गाडी तापणारच.

डिस्ट्रिब्युटरला (प्लगना ठिणगी वाटणारा भाग) स्टीलचं गिअर लावा. जुनं कास्ट आयर्नचं रोलर कॅमवर झिजतं आणि तो कीस तेलातून सगळीकडे फिरतो. प्लगच्या वायरी १-३-७-२-६-५-४-८ अशा. सवयीने २८९ च्या क्रमाने लावल्यात तर कार्ब्युरेटरमधून भडके उडून दिवाळी!

कार्ब्युरेटर ६०० सीएफएमचा (मिनिटाला घनफूट हवा) पुरे, ७५० निव्वळ मिरवायला. आणि चारही ड्रम ब्रेक असतील तर पहिले पैसे पुढच्या डिस्कला.