तुम्हाला पुरतील!

निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, पांढरा म्हणजे पाणी, काळा म्हणजे पेट्रोल जास्त. हे ज्ञान मला मंगळवारी सिग्नलला मागच्या रिक्षावाल्याने फुकट दिलं, वर खोकूनही दाखवलं. माझ्या अल्टोचा धूर निळा होता.

गॅरेजमधल्या पोराने प्लग काढून कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजलं. मधल्या सिलिंडरचा काटा अर्ध्यावरच रेंगाळला. भोकातून चमचाभर ऑइल सोडलं, तर टुणकन वर. "पिस्टनच्या रिंगा गेल्यात, ताई. व्हॉल्व्ह गेले असते तर काटा हलला नसता." इंजिन उतरवून बोअरिंग (म्हणजे सिलिंडर आतून कोरून मोठे करणं), मोठ्या साइझचे पिस्टन, बेअरिंग, गॅसकेट मिळून ३२ हजार. नाहीतर सेकंडहँड आख्खं इंजिन, ३८ हजार. गॅरंटी? "चालतंय तोवर."

एवढ्यात टायरवर पेपर वाचत बसलेले एक आजोबा उठले. दापोडीच्या एसटी वर्कशॉपमधून रिटायर. त्यांचं तिथे काहीच काम नव्हतं. रोज पेपरला येतात म्हणे. त्यांनी डिपस्टिक ओढली, ऑइल दोन बोटांत चोळलं, हुंगलं (आता चाटतात की काय!) आणि बोटं माझ्या आरसीच्या झेरॉक्सला पुसली.

"वय किती?"

"चौदा वर्षं."

"गाडीचं नाही. तुमचं."

"चोपन्न," मी म्हणाले. का म्हणाले, देव जाणे.

"वर्षाला फिरता किती? सहा हजार? बोअरिंग केलंत तर लाखभर किलोमीटर बघायला नको. म्हणजे सोळा वर्षं. चोपन्न नि सोळा, सत्तर. सत्तरीत कोण गाडी चालवतंय? बोअरिंग कशाला, नुसत्या रिंगा टाका. तुम्हाला पुरतील."

तुम्हाला पुरतील! आणि पोराने मान डोलावली. माझं कॉम्प्रेशन कुणी कधी मोजलं?

"मिस्टर काय म्हणतात?"

मिस्टर बसने जातात. गाडी माझ्या नावावर, हप्ते मी फेडले, घरात लायसन्स माझं एकटीचं. हे सगळं सांगितलं. आजोबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि पोराला म्हणाले, "साहेबांना एक फोन लावायला सांग."

सासूबाईंचा गुडघा शहात्तराव्या वर्षी बदलला, तेव्हा डॉक्टरांनी किलोमीटर विचारले नव्हते. नवा गुडघा बसवला म्हणून कुठे नोंदही करावी लागली नाही. इंजिन बदललं तर मात्र आरसीवरचा इंजिन नंबर बदलायला आरटीओत खेटे. शिवाय पुढच्या वर्षी गाडीला पंधरा पूर्ण, म्हणजे पुनर्नोंदणी. एप्रिल २०२२ च्या आधी ६०० रुपयांत व्हायची, आता ५,०००. पर्यावरण कर वेगळा. आणि हा कर भरून मी ज्या रस्त्यावर जाणार, त्यावर पुढची बस काळा धूर सोडत असते, तिला कोण विचारतं? जाऊ दे. विकावी म्हटलं तर धूर बघून एकाने ४० हजार सांगितले. त्यातही "टायर बरे आहेत म्हणून."

"बोअरिंगच करा," मी म्हणाले. शुद्ध रागाने. ३२ हजार!

"पैसा तुमचा," म्हणत आजोबांनी चहा संपवला. तो चहा माझ्या बिलात लागलाय, हे मला नंतर कळलं.

"आणि तुमचं वय हो?" मी विचारलंच.

"एक्क्याऐंशी."

पेपर बगलेत मारून ते बाहेर गेले, तिथे लावलेली जुनी चेतक तिरकी केली, दुसऱ्या किकला चालू केली, आणि माझ्या अल्टोला लाज वाटेल असा निळा धूर सोडत वळणावरून दिसेनासे झाले.